स्वर्ग सोडून आलेला राजा

जुन्या तबकड्यांच्या ढिगात हात घालणाऱ्याचं आणि भंगारात पितळ शोधणाऱ्याचं नशीब सारखंच असतं. नव्व्याण्णव वेळा नुसतीच बोटं काळी होतात आणि शंभराव्या वेळी काहीतरी चकाकतं. मी गेलो होतो जुनी नाट्यपदं मिळतात का ते पाहायला. ती मिळाली नाहीत. हाती लागला तो पुठ्ठ्याचा एक जड खोका. आत तीन एलपी आणि एक जाडजूड पुस्तिका. वर फ्रेंच नाव होतं, ‘ल र्वा द लाओर’. म्हणजे ‘लाहोरचा राजा’. संगीतकार ज्यूल मासने. सहज पुस्तिका उघडून पात्रांची यादी वाचली आणि तिथंच उभ्या उभ्या हसू फुटलं. नायिकेचं नाव सीता. एका पात्राचं नाव इंद्र. त्या इंद्राच्या देवळातल्या मुख्य पुजाऱ्याचं नाव तिमूर! आणि खलनायकाचं नाव सिंदिया.

सिंदिया म्हणजे आपले शिंदे. साहेबाच्या जिभेवर ‘शिंदे’चं ‘सिंदिया’ झालं आणि पुढं तेच युरोपभर रूढ झालं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण पॅरिसच्या रंगभूमीवर, अकराव्या शतकातल्या लाहोरात, गझनीच्या महमुदाच्या स्वारीच्या वेळी हे शिंदे काय करत होते? दुकानदार म्हणाला, “साहेब, हा खोका कोणी नेत नाही. तुम्ही हसलात तरी. घेऊन जा.” मी घेऊन आलो.

घरी तबकड्या वाजवायचं यंत्र आहे ते वडिलांचं. ते गेल्यापासून दोन वर्षं त्याच्यावर कापड होतं. रविवारी सकाळी कापड काढलं, पट्टा बदलून घेतलेला होता, सुई पुसली. आई पोळ्या आटोपून येऊन बसली. मुलगी म्हणाली, “बाबा, हे फोनवर असेलच की!” असेलही. पण सहा बाजूंचा ऑपेरा ऐकायचा तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागते, आणि त्या उठण्या-बसण्यात घरातल्या सगळ्यांना कथेत पुढं काय झालं ते सांगता येतं. ही सोय फोनमध्ये नाही.

आधी थोडं या कृतीविषयी. ‘ल र्वा द लाओर’ २७ एप्रिल १८७७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात पहिल्यांदा सादर झाला. आज ज्याला ‘पाले गार्निए’ म्हणतात ती संगमरवर आणि सोन्यानं मढवलेली इमारत १८७५ साली खुली झाली होती. तिथं असं काहीतरी हवं होतं, की जे या इमारतीला शोभेल. मासने तेव्हा चौतीस वर्षांचा होता, पस्तिशीला पंधरा दिवस कमी. तरुणपणी त्यानं पोटासाठी नाटकगृहाच्या वाद्यवृंदात नगारे वाजवले होते. संहिता लिहिणारा लुई गाले पॅरिसच्या रुग्णालयांच्या कारभारात नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात ऑपेरे लिहीत असे. दोघांपैकी कोणीही हिंदुस्थान पाहिला नव्हता. पण त्या काळच्या पॅरिसला हिंदुस्थानचं वेड होतं. कालिदासाच्या ‘शाकुंतला’वर तिथं १८५८ साली नृत्यनाट्यही होऊन गेलं होतं.

पाच अंक, मोठा गायकवृंद, मध्यात लांबलचक नृत्य, युद्धाची छावणी, देऊळ, राजवाडा आणि प्रत्यक्ष इंद्राचा स्वर्ग. पॅरिसनं तो डोक्यावर घेतला. १८७८ साली तो इटलीत गेला, १८७९ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये. रशियात चायकोव्हस्कीनं त्याची छापील प्रत मिळवून वाचली आणि तो भारावून गेला. १८७८ साली मासनेला फ्रान्सच्या कला अकादमीत जागा मिळाली. पण पुढं ‘मानों’, ‘वेर्थर’ आणि ‘ताईस’ हे त्याचेच ऑपेरे आले आणि या थोरल्या भावाला त्यांनी बाजूला सारलं. पाच अंकी थाटामाटाची रुची ओसरली आणि खर्च परवडेनासा झाला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटननं तो केला. त्यानंतर कित्येक वर्षं लाहोरचा राजा कोणाला फारसा आठवला नाही.

मग १९७७ साली, बरोबर शंभर वर्षांनी, कॅनडात व्हँकुव्हरला रिचर्ड बॉनिंग या संगीतसंचालकानं तो पुन्हा उभा केला. बॉनिंगला विस्मृतीत गेलेली हस्तलिखितं आणि जुन्या छापील प्रती धुंडाळण्याचा नाद होता, आणि त्याची पत्नी जोन सदरलँड ही त्या काळातली अग्रगण्य गायिका होती. नवऱ्यानं धूळ झटकायची आणि बायकोनं गायचं, असा तो संसार. १९७९ साली डेकानं ध्वनिमुद्रण केलं. सीता झाली सदरलँड, राजा अलीम झाला लुईस लिमा, सिंदिया झाला शेरिल मिल्न्झ आणि इंद्र झाला निकोलाय ग्याउरोव्ह. तोच हा खोका.

पहिल्या बाजूवर सुई टेकली. लाहोरचं इंद्रमंदिर. महमुदाचं सैन्य येऊन ठेपलंय आणि घाबरलेले लोक देवाचा धावा करताहेत. राजाचा मंत्री सिंदिया आपल्याच पुतणीच्या, म्हणजे देवळात व्रतस्थ राहिलेल्या सीतेच्या मोहात पडला आहे. तिला भेटायला रोज संध्याकाळी कोणी अनोळखी पुरुष येतो असं त्याला कळतं. तो तिच्यावर आरोप ठेवतो, पुजारी तिचा जीव घ्यायला उठतात, आणि भिंतीतल्या चोरदारातून तो अनोळखी पुरुष पुढं येतो. तो असतो खुद्द राजा अलीम. तिमूर महाराज त्याला प्रायश्चित्त सांगतात, की जा आणि शत्रूशी लढ.

इथवर आमच्या घरात हसण्याची कारंजी होती. इंद्राच्या देवळात आजन्म कुमारी राहणाऱ्या पुजारणी कुठल्या? आई म्हणाली, “इंद्राचं देऊळ तरी कोणी पाहिलंय?” या पुजारणी खरं म्हणजे रोमच्या. व्रतभंग करून प्रेमात पडलेली देवदासी हे युरोपच्या ऑपेराचं जुनं आवडतं पात्र. तिला कधी रोमन वस्त्र नेसवायचं, कधी गॉल देशाचं, कधी सिंहलद्वीपाचं. इथं साडी नेसवली. अलीम हे अरबी नाव. त्याच्या सेवकाचं नाव कालेद, म्हणजे खालिद. म्हणजे इस्लामी आक्रमणाविरुद्ध लढायला निघालेल्या या हिंदू राजाच्या दरबारात निम्मी नावं शत्रूपक्षाची. लिहिणाऱ्याला ती सगळीच ‘पूर्वेकडची’ वाटली, आणि त्याच्या प्रेक्षकांनाही. चूक इतकी निरागस आहे, की रागवायचं कोणावर?

पण सिंदिया या नावापाशी मी अडखळलो. ते कुठून आलं असेल? गालेला ते कुठं सापडलं ते पुस्तिकेत नव्हतं. मात्र मासनेच्या चरित्रात एक गंमत आहे. लहानपणी, वडिलांची प्रकृती बिघडल्यामुळं, त्याचं कुटुंब आल्प्सच्या पायथ्याच्या शांबेरी गावात जाऊन राहिलं. तेव्हा ते गाव अजून फ्रान्सचंही नव्हतं, ते फ्रान्समध्ये आलं १८६० साली. या शांबेरीच्या भर चौकात एक कारंजं आहे, १८३८ साली बांधलेलं. त्यावर चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती आहेत, फक्त पुढून अर्धे. गावकऱ्यांनी मागच्या अर्ध्या भागावरून त्यांना एक चावट नावही दिलेलं आहे. हत्तींच्या वर स्तंभ आणि स्तंभावर पुतळा आहे बेन्वा द ब्वाञ याचा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला डी बॉईन तो हाच. पाटीलबाबा महादजी शिंद्यांच्या पलटणींना कवायत शिकवणारा, आणि त्या पलटणींच्या जोरावर पाटणला आणि मेडत्याला लढाया मारणारा. १७९५ साली तो शिंद्यांची चाकरी सोडून निघाला, अमाप पैसा घेऊन जन्मगावी परतला, गावासाठी सढळ हातानं खर्च केला आणि १८३० साली तिथंच वारला.

म्हणजे शिंद्यांच्या दौलतीतून उभं राहिलेलं नाव ज्या चौकात हत्तींवर बसलं आहे, त्याच गावात लहानगा मासने वावरत होता. त्याला ते गाव आवडलं नाही. संगीत शिकायला तो पॅरिसला पळून गेला. त्या हत्तींचा आणि या खलनायकाचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. एवढंच, की महादजींचं नाव फ्रेंच मुलुखात अगदीच परकं नव्हतं, आणि ते पोहोचलं ते कोणा कवीमुळं नव्हे, तर नोकरी करून परतलेल्या सैनिकांमुळं.

आणखी एक योग विसरता येत नाही. या प्रयोगाच्या चार महिने आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, लॉर्ड लिटननं दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. त्या दरबारात खरे शिंदे, ग्वाल्हेरचे जयाजीराव, हजर होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, जाडीभरडी खादी नेसून तिथं गेले होते. आणि त्याच वेळी दख्खनात पुणे, नगर, सोलापूर, सातारा भागात दुष्काळानं माणसं आणि गुरं मरत होती. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ. दिल्लीत एक हिंदुस्थान मांडला होता शामियान्यांचा. पॅरिसात एक मांडला होता पुठ्ठ्याच्या मेरू पर्वताचा. तिसरा, खरा, तगाईची आणि खडी फोडण्याच्या कामाची वाट पाहत उभा होता. ऑपेरा ऐकताना हे मनात येतंच, आणि येऊ द्यावं. त्यासाठी संगीतकाराला फाशी द्यायची गरज नाही, पण विसरायचीही नाही.

दुसऱ्या अंकात छावणी. लढाई हरलेली आहे. इथं माझं हसू पहिल्यांदा थांबलं. संपूर्ण ऑपेरात महमूद एकदाही रंगमंचावर येत नाही. राजाला मारतो तो त्याचाच मंत्री. परक्याच्या स्वारीच्या गदारोळात आपल्या माणसाचा घाव कोणाला दिसत नाही, हे सिंदियाला चांगलं ठाऊक आहे. सैन्य त्याच्या मागं जातं, सीता त्याच्या ताब्यात जाते आणि अलीम तिच्या डोळ्यांदेखत मरतो. देशोदेशींच्या दरबारांची हकीकत याहून फार वेगळी नसते. नावं चुकली तरी चालतील, हे काही चुकलेलं नाही.

तबकडी बदलली. तिसरा अंक म्हणजे स्वर्ग. मेरू पर्वतावर इंद्राची सभा. दैवी कूच, अप्सरांची नृत्यं, मग वॉल्ट्झ. स्वर्गात सॅक्सोफोन वाजतो! तेव्हा हे वाद्य नवंच होतं. पॅरिसात कारखाना काढलेल्या आदॉल्फ साक्सनं १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. एक तुकडा ‘हिंदू चालीवर’ बांधलेला आहे. बासरी ती चाल घेते आणि तिचे फेरे घालते. आपल्या कानांना त्यात राग सापडणार नाही. कोणी शोधूही नये. पण फ्रेंच माणसानं स्वर्ग कल्पिताना बासरी पुढं आणली, हे ऐकून मला बरं वाटलं.

आणि आपण तरी इंद्राशी कुठं प्रामाणिक होतो? लखनौच्या अमानतनं १८५३ च्या सुमारास ‘इंदरसभा’ लिहिली. त्यातल्या इंद्राच्या दरबारात अप्सरा नाहीत, पऱ्या आहेत, आणि त्या उर्दूत गातात. पारशी नाटक मंडळ्यांनी तो दरबार गावोगाव नेला. या पॅरिसच्या प्रयोगानंतर तीन वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. त्यातही राजा इंद्राच्या साहाय्याला स्वर्गात जातो आणि परतीच्या वाटेवर त्याला त्याची हरवलेली बायको भेटते. इंद्र हा सगळ्यांच्याच रंगभूमीला सोयीचा देव. त्याची पूजा कोणी करत नाही, त्यामुळं तो कुठल्याही पोशाखात चालतो.

तर त्या स्वर्गात अलीम येतो. सगळे सुखात आहेत, तो नाही. इंद्र त्याला कारण विचारतो. ग्याउरोव्हचा खर्ज इथं असा उतरतो, की खोलीतल्या वस्तूंनाही बसायला सांगावं. अलीम म्हणतो, मला परत पाठवा, सीता तिथं आहे. इंद्र ते मान्य करतो, पण दोन अटींवर. तू राजा म्हणून नाही, अगदी साधा, अनाथ माणूस म्हणून जाशील. आणि ज्या क्षणी ती मरेल त्या क्षणी तूही मरशील.

मी सुई उचलली आणि आईला अटी सांगितल्या. मुलगी म्हणाली, “म्हणजे सावित्रीची गोष्ट उलटी. इथं नवराच स्वतःला सोडवून आणतो.” मला युधिष्ठिर आठवला. महाभारताच्या शेवटी तो स्वर्गात पोहोचतो, भाऊ आणि द्रौपदी तिथं दिसत नाहीत, तेव्हा म्हणतो, ती जिथं असतील तो माझा स्वर्ग. गालेनं ही कथा महाभारतातून घेतली असं सांगतात. तशी कथा मला महाभारतात आठवत नाही. पण ही एक गोष्ट महाभारताचीच आहे, हे मान्य करायला हवं. बाकी सगळं त्यानं चुकवलं आणि नेमकं हे बरोबर उचललं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अट काही वाईट नाही.”

यंत्रावर वडिलांनी सांडलेल्या चहाचा डाग अजून आहे. मी तबकडी उलटली.

उरलेले दोन अंक आम्ही हसलो नाही. चौथ्या अंकात अलीम फाटक्या वेशात लाहोरच्या राजवाड्याच्या दाराशी जागा होतो. आत सिंदियाच्या राज्याभिषेकाची तयारी चालू आहे. भिकारी सगळ्यांसमोर राजाला खुनी म्हणतो. शिपाई धरायला येतात, पण पुजारी त्याला देवानं झपाटलेला समजून वाचवतात. पाचव्या अंकात सीता लग्नाच्या दालनातून निसटून इंद्राच्या देवळात आलेली असते. दोघं भेटतात. सिंदिया येऊन पोहोचतो. सुटकेची वाट नाही असं पाहून ती स्वतःला खंजीर मारून घेते, आणि इंद्राच्या अटीप्रमाणं तोही कोसळतो. मागं स्वर्ग उघडतो. सिंदिया हादरून पाहत राहतो. सदरलँड तेव्हा बावन्न वर्षांची होती. आवाजातली पहिली झळाळी थोडी निवलेली आहे, शब्द अनेकदा स्वरांत विरघळतात. पण या शेवटच्या अंकात तिच्या गाण्याला एक वय आहे, आणि ते सीतेला शोभतं. एकदा मरून आलेल्या माणसाची वाट पाहणारी बाई फार कोवळी असून चालणार नाही.

एक विरोधाभास मात्र सांगायला हवा. ऑपेरा विसरला गेला तेव्हाही त्यातलं एक गाणं जिवंत राहिलं. ते नायकाचं नाही, सीतेचं नाही. चौथ्या अंकात राज्याभिषेकाआधी सिंदिया गातो ते. मात्तिया बात्तिस्तिनी, तित्ता रुफो अशा मोठमोठ्या इटालियन गवयांनी जुन्या, वेगानं फिरणाऱ्या तबकड्यांवर ते इटालियन भाषांतरात गाऊन ठेवलं. सगळं मिळवून बसलेला माणूस, ज्याला हवी ती एक गोष्ट बळानं मिळत नाही. मासनेनं त्याच्या तोंडी अशी आर्जवी चाल घातली आहे, की ऐकणाऱ्याला क्षणभर त्याच्या अपराधाचा विसर पडावा. मिल्न्झनं ती भरदार आवाजात म्हटली आहे. लोक ‘लाहोरचा राजा’ विसरले, राजाला मारणाऱ्याला विसरले नाहीत.

विसरल्या गेलेल्या कृती सगळ्याच थोर असतात असं नाही. याही ऑपेरात ढोलताशांचा पसारा आहे, पुष्कळ ठिकाणी नुसता दिखाऊ थाट आहे, आणि आपल्याविषयीचं अज्ञान तर पानोपानी आहे. पण काळ एखादी कृती बाजूला टाकतो तेव्हा तो तिच्यातलं बरं-वाईट निवडत बसत नाही. मोडीत निघालेल्या कपाटाबरोबर आतलं लुगडंही जातं. कोणीतरी बॉनिंग निघतो, कपाट उघडतो, आणि कोणा दुकानात दुसऱ्या कोणाच्या हाती ते लुगडं लागतं. आपल्याकडच्या किती संगीत नाटकांची नुसती नावं उरली आहेत, किती पदं चालीवाचून छापील पुस्तकात पडून आहेत! त्यांच्यातही कुठं हास्यास्पद देखावे असतील, चुकीचा इतिहास असेल. हसावं. पण हसून झाल्यावर शेवटची बाजू संपेपर्यंत बसावं. मी तिसऱ्या अंकाआधी उठलो असतो तर माझ्यापाशी फक्त एक विनोद उरला असता.

परवाच्या रविवारी मी खोका उचलून वर ठेवायला निघालो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ठेवू नकोस रे. तो शिंद्याचं गाणं लाव परत.”

मी म्हटलं, “अगं, तो खलनायक आहे.”

“असू दे,” ती म्हणाली, “गातो चांगलं.”